अण्णांची आरएक्स: पुराच्या गाळातून आरसीपर्यंत

"किक मारली न्हाईस न्हवं?"

पूर ओसरल्यावर मिस्त्रींना फोन लावला, तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं. मी म्हटलं, नाही मारली.

"मग जित्ती हाय. हात लावू नगंस, म्या येतो."

ऑगस्ट 2019 चा मध्य उलटून गेला होता. सांगलवाडीतल्या आमच्या घराच्या सोप्यात गुडघाभर गाळ होता, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ होती आणि कोपऱ्यात अण्णांची यामाहा आरएक्स 100 आडवी पडली होती. टाकीवरचा चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. हँडलला उसाचा पाला गुंडाळला होता. ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला मला तीन वर्षं लागली. निम्मं काम पान्यानं झालं, निम्मं कागदानं. पुरात सापडलेली किंवा नुसती उभी राहून गंजलेली जुनी दुचाकी ज्यांच्या घरी आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

अण्णांनी ही गाडी 1991 ला घेतली. ते कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर होते. मी पाच वर्षांचा होतो, ताई नऊ वर्षांची. आरएक्स भारतात 1985 ला आली आणि 1996 पर्यंत निघत राहिली. एस्कॉर्ट्स आणि यामाहाची ती गाडी. 98 सीसी, टू स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर हे आकडे काही फार नाहीत. पण टू स्ट्रोकला क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात एक धमाका मिळतो, फोर स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक, आणि त्यात गाडी इतकी हलकी. अण्णा मला जेवणाच्या ताटाशेजारी जुना पिस्टन ठेवून समजावून सांगायचे, "बोअर पन्नास, स्ट्रोक पन्नास. चौकोनी इंजिन. जेवढं रुंद तेवढंच उंच, म्हणून एवढं मोकळं फिरतंय." मला तेव्हा पाढे धड येत नव्हते, पण पन्नास बाय पन्नास पाठ होतं.

आमच्या काठावर वेगाचं वेड मुळात नदीतून येतं. पावसाळ्यात कृष्णा दोन्ही थड्या धरून वाहायला लागली की होड्यांच्या शर्यती. काठावर, पुलावर माणसांची नुसती भिंत. माझे चुलते, तात्या, सुकाणूला बसायचे. सरावाच्या वेळी त्यांनी मला एकदा होडीत घेतलं होतं. सगळी वल्ही एका दमात पाण्यात शिरतात, होडी पुढं उसळते, आणि वल्ही वर असतात तेवढा एक क्षण ती आपली आपण सरकत राहते. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त होडीच्या पोटाखालून पाणी पळाल्याची थरथर मांडीला जाणवते. पुढं मीही दोन हंगाम वल्हं मारलं. तात्या म्हणायचे की ताकद लावणारे गावोगाव मिळतात, पण पाण्याची ओढ कुठं कमी आहे ते ओळखून होडी तिथं घालणारा मिळत नाही. ते पाण्याच्या रंगावरून सांगायचे, इथं खाली वाळू चढलीय.

शाळेची सहल वासोट्याला गेली तेव्हा बामणोलीहून शिवसागर जलाशयात बोटीनं गेलो. सगळी पोरं डोंगर बघत होती, मी अख्खा वेळ मागं इंजिनापाशी बसलो होतो. बोट वळताना मागची फेसाची रेघ कशी वाकते, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सतराव्या वर्षापासून आरएक्स हातात आली. हरिपूरच्या रस्त्यावर एका वळणावर वाळू होती, तिथं एकोणिसाव्या वर्षी पडलो. कोपर सोलून निघालं, फूटरेस्ट वाकलं. अण्णा बोलले नाहीत. संध्याकाळी फूटरेस्ट तापवून सरळ केलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना हेल्मेट घेऊन आले. त्यांना शर्यतींची माहिती पुष्कळ. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर मोटरसायकली कशा पळायच्या, ते असं सांगायचे की जणू स्वतः कडेला उभे होते. प्रत्यक्षात ते कोल्हापूरच्या पुढं फारसे कधी गेले नाहीत. पुढं मी इरुंगट्टुकोट्टईचा शर्यतीचा ट्रॅक बघायला गेलो, तेव्हा स्टँडमधून फोन लावून नुसता धरला. पलीकडून ते म्हणाले, "आता गिअर खाली टाकला बघ त्यानं." वळणाआधी टाकलाच होता.

ताईला मात्र त्यांनी गाडी कधी दिली नाही. ती मागं बसायची, गाडी धुवायची, चेन साफ करताना रॉकेलचं डबडं धरायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज ओळखून सांगायची, "आयर्विनवर आले." म्हणजे आयर्विन पुलावर. दोन मिनिटांत अण्णा दारात. पण चालवायचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, "तुला कशाला?" हे इथं लिहून ठेवतोय, कारण पुढं कागदपत्रांत हेच सगळ्यात महत्त्वाचं निघालं.

अण्णा 2014 ला गेले. गाडी सोप्यात उभी राहिली. आठवड्यातून एकदा मी ती चालू करून गावातून फिरवून आणायचो. आरसीची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, मुदत 2016 ला संपली, तेव्हा "करू पुढच्या महिन्यात" म्हणालो. नाव अजून अण्णांचंच होतं, ते बदलायलाही मन होत नव्हतं.

मग 2019 आला. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या घरात 2005 च्या पुराची खूण आहे. तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या घरात गेलं होतं. इशारा पातळी 40, धोका पातळी 45. आम्ही सगळे 2005 च्या खुणेवर विसंबून होतो. मीही गाडी विटा रचून, वर फळी टाकून त्या खुणेच्या एक फूट वर चढवली, दोरीनं बांधली आणि निर्धास्त झालो. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

आम्हाला बोटीनं बाहेर काढलं. जवानांची रबरी बोट होती आणि पुढच्या टोकाला तात्या बसले होते, वय सत्तरच्या पुढं. कुठं कुणाच्या परड्याची भिंत पाण्याखाली आहे, कुठं विजेच्या तारा आहेत, हे ते हातानं दाखवत होते, आणि मागचा जवान त्याप्रमाणे मोटर उचलत होता, पुन्हा खाली सोडत होता. काठाकडच्या वाड्यांतली काही माणसं गुळाच्या काहिलीत बसून येत होती. आमच्या बोटीच्या मोटरवर यामाहाची ती खूण होती, तीन ट्यूनिंग फोर्कची. आणि त्या घाण पाण्यावर टू टी ऑइलचा, टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचा, वास पसरला होता. माझ्या लहानपणाचा, अण्णांच्या शर्टाचा वास. आमचं घर मागं राहिलं तेव्हा खिडकीचा फक्त वरचा गज दिसत होता, आणि मला माहीत होतं, गाडी आता पूर्ण खाली गेलीय. आई माझा हात धरून होती. ती म्हणाली, "लोखंड हाय, लोखंडाचं काय." ते तिला स्वतःलाही पटलं नव्हतं.

आता इंजिनाचं.

पुरात बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, हे मिस्त्रींचं पहिलं आणि शेवटचं सांगणं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टू स्ट्रोकमध्ये त्याहून वाईट म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकच्या पेटीतूनच, वर जातं, त्यामुळं क्रँकखाली बसलेला गाळ एका किकमध्ये बेअरिंगात आणि पिस्टनभोवती फिरतो. गल्लीतल्या तीन गाड्या पाणी उतरल्या दिवशीच किक मारून संपल्या, दोघांचे तर पिस्टनच चिरले.

मिस्त्रींनी आधी प्लग काढला. भोकातून तपकिरी पाणी आलं. गाडी दोघांनी धरून आडवी-उलटी केली. सायलेन्सरमधून चॉकलेटी रबडी निघाली. गिअर ऑइल सोडलं तर ते दूध घातलेल्या चहासारखं. मग प्लगच्या भोकातून डिझेल भरलं, क्रँककेसमध्येही सोडलं आणि गाडी तशीच ठेवली. रोज संध्याकाळी मॅग्नेटचं चाक हातानं धरून केसभर इकडं, केसभर तिकडं हलवून बघायचं. जोर लावायचा नाही. अकरा दिवस ते हललं नाही. बाराव्या दिवशी "खर्र" करून पाव फेरा फिरलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. मिस्त्री म्हणाले, "थांब. आवाज ऐक. त्ये बेअरिंग रडतंय."

खोलायचं ठरलं. स्क्रू गंजून केसिंगशी एकजीव झाले होते. तिथं इम्पॅक्ट ड्रायव्हरच लागतो, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकी गोल होतात आणि मग ड्रिल मारायची वेळ येते. केसिंगचे दोन भाग वेगळे झाले तेव्हा तळाशी बोटभर गाळ होता, शिकेकाईच्या पुडीइतका बारीक. कुठल्या शेताची माती, कुठल्या घाटाची राख, सगळं त्यात.

मिस्त्रींनी रॉडचं खालचं बेअरिंग माझ्यापुढं धरलं. डोळ्याला ते चकचकीत दिसत होतं. "नखानं बघ," म्हणाले. मी अंगठ्याचं नख त्या पोलादावरून हळू सरकवलं. सरकलं, सरकलं आणि एका जागी अडकलं. दिसणारही नाही एवढा खड्डा. गंजानं खाल्लेला. "असले दहा-बारा हायत. मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांत हे काय करंल सांग." त्या दिवसापासून कुठलंही बेअरिंग मी डोळ्यांनी पसंत करत नाही.

क्रँक घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. हायड्रॉलिक प्रेसवर क्रँक पिन बाहेर काढली, नवा रॉड, नवी पिन, नवं बेअरिंग बसवलं. नंतरचं काम बघण्यासारखं. क्रँक दोन सेंटरमध्ये धरतात, डायल गेजची टोकदार पिन शाफ्टवर टेकवतात आणि हातानं फिरवतात. गेजचा काटा थरथरतो. शतांश मिलिमीटर दोन-तीनच्या पुढं काटा हलायला नको. जास्त हलला की कारागीर तांब्याच्या हातोडीनं क्रँकवर एक ठोका देतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा एक. ठोका किती आणि कुठं, हे सगळं त्याच्या मनगटात. मी दोन तास उभा होतो. चहा आला, गार झाला. सिलिंडर तिथंच बोअर करून घेतला. पहिल्या मापात खड्डे जात नव्हते, म्हणून अर्धा मिलिमीटर वाढीव पिस्टन.

इथं एक मोहाचा क्षण आला. एका भंगारवाल्याकडं आरएक्सचं अख्खं इंजिन होतं. स्वस्तात. बसवलं असतं तर चार महिने वाचले असते. मिस्त्रींनीच थांबवलं. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. दुसऱ्याचं क्रँककेस घातलं की नंबर आरसीशी जुळत नाही, आणि ते इंजिन कुठून आलं हे सिद्ध करता करता गाडीच अडकते. आमचं केसिंग गंजलं नव्हतं, अॅल्युमिनियमला फक्त पांढरी भुकटी धरली होती. ते वाचवलं.

मॅग्नेटच्या कॉइल मिरजेला नव्यानं भरून घेतल्या. सतारमेकर गल्लीपासून थोड्या अंतरावर एक वाइंडर बसतात. तांब्याची तार ते बोटानं ताण देत भरतात, एकही वेढा दुसऱ्यावर चढू देत नाहीत. पलीकडच्या गल्लीत सतारीला तारा चढवणारे हात मी लहानपणी बघितलेत, मला दोन्ही एकाच गावचे वाटतात. टाकीत जुनी सायकलची साखळी आणि डिझेल टाकून मी आणि माझा चुलत पुतण्या आळीपाळीनं हलवत बसायचो. तांबडं पाणी येणं बंद व्हायला आठवडा गेला. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरमधली रबरं सगळी नवी टाकली. हे पुरात न बुडालेल्यांनीही करावं. आता पेट्रोलमध्ये आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही, आणि पाणी ओढून घेतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवतो.

मार्च 2020 ला सगळं बंद पडलं. जुलै 2021 ला पुन्हा पूर आला. त्या वेळी आम्ही खुणेचा विचारच केला नाही. इंजिन माळ्यावर होतंच, चेसिस मी आणि पुतण्यानं जिन्यावरून खांद्यावर नेली. आईनं सुट्या नटबोल्टांचे डबे नेले, प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "पुडचं चाक", "मॅगनेट".

दिवाळीच्या तोंडावर इंजिन बसलं. लिटरला पंचवीस मिली टू टी हातानं मिसळलं, ऑइल पंप जोडलेला असूनही, कारण नव्या पिस्टनला सुरुवातीला जास्त लागतं. सातव्या किकला पेटली. सोपा धुरानं भरला. मी फोनवर ताईला ऐकवलं. ती मिरजेला असते. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आयडलिंग जास्त ठेवलंयस. अण्णा एवढं ठेवत नव्हते."

मी स्क्रू पाव फेरा मागं घेतला. "आत्ता," ती म्हणाली.

आता कागद. इथं मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून नीट सांगतो.

मालक वारले की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मला हे माहीत नव्हतं. माझी सात वर्षं गेली होती. शिवाय आरसीची मुदत संपलेली, आणि आरसी बुक पुरात भिजून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे तीन कामं: दुय्यम आरसीसाठी फॉर्म 26, वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, नूतनीकरणाला फॉर्म 25. सुरुवातीला मी एका एजंटाला पैसे दिले. दोन महिने तो "होतंय" म्हणाला, मग फोन उचलेना. पैसे गेले, पण बरं झालं, त्यानंतर मी स्वतः सगळं केलं आणि प्रत्येक कागद कशासाठी आहे ते कळलं.

एमएच 10 ची ही गाडी इतकी जुनी की तिची माहिती संगणकावर नव्हती. आधी ती नोंद चढवावी लागते, तिला बॅकलॉग म्हणतात. त्यासाठी जुन्या आरसीची वाचता येणारी प्रत हवी. ती ताईकडं निघाली. अण्णांनी 2011 ला नूतनीकरण केलं, तेव्हाची झेरॉक्स तिनं लग्नाच्या फोटोंच्या अल्बममध्ये ठेवली होती. का ठेवली विचारलं तर म्हणाली, "त्यावर गाडीचा नंबर आहे ना."

उशिराचा भुर्दंड भरपूर बसला. एप्रिल 2022 ला पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी 300 वरून 1,000 झाली आणि उशीर झाला तर महिन्याला 300 जादा. मी दिवाळीत गाडी चालू झाल्या झाल्या अर्ज केला असता तर हे वाचलं असतं, पण मी रंगाच्या मागं होतो. त्याशिवाय तेव्हाचा पर्यावरण कर 2,000, आणि थर्ड पार्टी विमा. कागद आधी सुरू करा, गाडी नंतर रंगवा.

रंगावरून आठवलं. गाडी मूळ लाल, मी लालच ठेवली, कारण आरसीवर रंगाचीही नोंद असते. पण पावडर कोटिंग करताना चेसिस नंबर झाकायला विसरलो. तपासणीला जाताना फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो. हँडलखालच्या नळीवर नंबर ठोकलेला असतो, त्यावर पेन्सिलचं शिसं घासायचं, वर चिकटपट्टी दाबायची, उचलायची आणि कागदावर डकवायची. मी पट्टी उचलली तर नुसता काळा डाग. आकडे कोटिंगखाली गडप. पेंट रिमूव्हरच्या बोळ्यानं आणि बांबूच्या काडीनं एकेक आकडा मोकळा करायला दुपार गेली. लोखंडी पट्टीनं खरवडायचं नाही, आकड्यावर ओरखडा दिसला तर खाडाखोडीचा संशय येतो. संध्याकाळी ठसा उमटला, शेवटचा आकडा जरा तिरका. अण्णांच्या 2011 च्या झेरॉक्सवर ठसा होता, त्यातही तो तसाच तिरका. कारखान्यात ठोकणाऱ्याचा हात तेवढा हलला असणार.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, पहिल्यांदा नापास. 2000 च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन 9,000 पीपीएमपर्यंत चालतं. मी जादा ऑइल घालूनच गेलो होतो. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरलं, मिस्त्रींनी एअर स्क्रू थोडा उघडला, पास.

आता फॉर्म 31. त्याला बाकीच्या वारसांची संमती लागते, तेव्हा ती शंभरच्या स्टँपवर चालायची. आईनं लगेच सही केली. ताईकडं कागद घेऊन मिरजेला गेलो. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचला. "सदर वाहन माझ्या भावाच्या नावे करण्यास माझी कोणतीही हरकत नाही." पेन हातात धरून थांबली.

"हरकत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. ती उठली, कपाटातून लायसन्स काढून माझ्यापुढं ठेवलं. 2003 चं. गिअरच्या मोटरसायकलचं. मैत्रिणीच्या भावाच्या स्प्लेंडरवर शिकून टेस्ट दिली होती, अण्णांना न सांगता. वीस वर्षं होत आली, स्कूटर सोडून काही चालवलं नव्हतं. "एकदा वाटलं, दाखवावं त्यांना. मग वाटलं, नाही म्हणाले तर." तिनं सही केली. तारीख घातली. मी काहीच बोलू शकलो नाही. आम्ही दोघं एकाच सोप्यात, एकाच आवाजावर वाढलो, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की हे वेड आमच्या घरात एकट्या मला लागलंय. 2021 पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. त्या रकान्यात मी ताईचं नाव लिहिलं.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी चेसिस नंबर बघितला, इंजिन नंबर बघितला, लाइट, हॉर्न, ब्रेक. गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, "पुरातली का?" मी हो म्हटलं. सही झाली. पुढची पाच वर्षं.

पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही, हे मिस्त्रींचं फर्मान मी पाळलं. सांगली-मिरज, सांगली-तासगाव, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं. पाचशे एकाव्या किलोमीटरला गाडी ताईच्या दारात उभी केली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

रविवारची सकाळ होती, रस्ते मोकळे. ती सांगलवाडीपासून सुरू करू म्हणाली, अण्णांच्या रस्त्यानं. मी तिच्या मागं बसलो, पहिल्यांदाच. पहिल्या दोन वेळा बंद पडली. तिसऱ्यांदा तिनं क्लच हळू सोडला आणि गाडी निघाली. आयर्विनवर चढताना दुसरा, पुलावर तिसरा, आणि मधोमध आल्यावर तिनं अॅक्सिलरेटर पिळला. आरएक्स जी दोन श्वासांत ओढ घेते ती घेतली. मी सीटच्या पट्ट्याला घट्ट धरलं. खाली कृष्णा संथ होती, उन्हाळ्याच्या पातळीवर. ताईची ओढणी मी हातात गोळा करून धरली होती.

हरिपूरला संगमापाशी तिनं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्यानं किंवा कशानं. डाव्या हाताची बोटं ती उघडझाप करत होती.

"क्लच लांबवर जाऊन धरतोय," ती म्हणाली. "केबलला अर्धा आटा दे."

मी टूलकिटमधून दहाचा पाना काढला.